जखम भरताना पेशींना निरोप कोण देतं? (ग्रोथ फॅक्टरबद्दल)

सूक्ष्मदर्शी

मागे एका धाग्यावर पीआरपीची (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट एकवटून करायच्या उपचाराची) चर्चा चालली होती. तिथे कुणीतरी लिहिलं, "ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींचं टॉनिक, जितकं जास्त तितकं चांगलं." त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा. मी पॅथॉलॉजीत आहे, म्हणजे दिवसभर काचपट्ट्या बघणं हाच उद्योग. प्रत्यक्ष रुग्णांच्या जखमा बघणारी मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन, हे टॉनिक नाही, निरोप आहे. निरोपाचं मोल तो कुणाला आणि कधी मिळाला यावर ठरतं. तोच निरोप दहादा धाडला म्हणून काम दहापट होत नाही, आणि घेणारा जागेवर नसेल तर एकदाही होत नाही.

बोट कापलं की सगळ्यात आधी कामाला लागतात त्या प्लेटलेट. जेमतेम २-३ मायक्रॉनच्या, केंद्रक नसलेल्या, ७ ते १० दिवस जगणाऱ्या. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. त्या रक्त थांबवतात हे शाळेत शिकलोय. पण त्यांच्या पोटात अल्फा ग्रॅन्यूल नावाच्या पिशव्या असतात आणि त्यात पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर भरून ठेवलेले असतात. रक्तवाहिनी फाटून आतलं कोलॅजेन (ऊतींना बळकटी देणारं तंतुमय प्रथिन) उघडं पडलं की प्लेटलेट त्याला चिकटतात आणि पिशव्या रिकाम्या करतात.

हे लक्षात कसं आलं ती हकीगत मला फार आवडते. काचपात्रात पेशी वाढवायच्या तर त्यांना सीरम लागतं, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव. वर्षानुवर्षं सगळे तेच वापरत होते. १९७४ मध्ये सिएटलच्या रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या रोहिणीतल्या स्नायुपेशी घेतल्या. त्यांना नेहमीचं सीरम दिलं तर त्या भराभर वाढल्या. पण प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या प्लाझ्मापासून बनवलेलं सीरम दिलं तर नुसत्या बसून राहिल्या. त्यात प्लेटलेटमधला ऐवज मिसळला की पुन्हा वाढ सुरू. म्हणजे वाढीचा निरोप वाहत्या रक्तात मोकळा फिरतच नाही, तो प्लेटलेटमध्ये कुलूपबंद असतो आणि जिथे रक्त सांडलं तिथेच उघडतो. असं नसतं तर तो अंगभर कुठेही वाचला गेला असता, आणि त्याचे परिणाम काय होतात ते पुढे कर्करोगाचा विषय निघालाच तर लिहीन.

पेशीच्या पृष्ठभागावर या प्रथिनांसाठी रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे रेणू, असतात. पीडीजीएफचा रेणू जोडरेणू आहे. तो शेजारशेजारचे दोन रिसेप्टर एकत्र ओढतो. जवळ आले की ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, आणि तिथून आत एकामागून एक एन्झाइम जागी होत केंद्रकापर्यंत खबर जाते. मग पेशी विभागते, सरकते किंवा कोलॅजेन बनवू लागते. या सगळ्याला मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात. आणि ज्या पेशीवर रिसेप्टर नाही तिला यातलं काहीच कळत नाही. याचं सगळ्यात सुबक उदाहरण केजीएफ (यालाच एफजीएफ-७ म्हणतात). तो बनवतात खालच्या थरातल्या तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट. वाचू शकतात मात्र वरच्या थरातल्या त्वचापेशी. बनवणाऱ्याला स्वतःला तो वाचता येत नाही!

प्लेटलेटचा साठा एकदाच सुटतो, थोड्याच वेळात संपतो. पुढचा कारभार मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींकडे. आधी काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतू निपटतात, मग दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज जमतात. ते मेलेला कचरा खातात आणि स्वतः ग्रोथ फॅक्टर बनवत राहतात. १९७५ मध्ये लिबोविच आणि रॉस यांनी गिनीपिगमधले मॅक्रोफेज स्टेरॉइड आणि प्रतिसीरम (त्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं असलेलं सीरम) देऊन जवळजवळ नाहीसे केले. कचरा तसाच राहिला, तंतुपेशी उशिरा आणि थोड्याच आल्या, जखम रेंगाळली. न्यूट्रोफिल काढून टाकले तेव्हा मात्र निर्जंतुक जखमेला फारसा फरक पडला नव्हता. जखमेची सूज, लाली, ऊब हा नुसता त्रास नाही, निरोप लिहिणारे तिथे हजर झाल्याची ती खूण आहे.

मग जखमेच्या तळाशी ऑक्सिजन कमी पडतो आणि हा तुटवडाच पुढची आज्ञा ठरतो. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर पेशी ते सतत मोडून टाकते, कमी पडला की ते टिकतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. (ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेसाठी २०१९ चं नोबेल मिळालं.) व्हीईजीएफ मिळाला की जवळच्या केशवाहिन्यांना कोंब फुटतात. त्या जागी पोहोचल्या, ऑक्सिजन आला, की निरोप आपोआप मंदावतो.

या वेळचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखा असतो. केशवाहिन्या तळातून पृष्ठभागाकडे जवळपास सरळ उभ्या चढलेल्या, त्यांच्या अस्तराच्या पेशी फुगलेल्या. मधली जागा फिकट, सैल, पाणी धरलेली, कारण या कोवळ्या वाहिन्या झिरपतात. तंतुपेशींची केंद्रकं टपोरी, मधूनच एखादी ऐन विभागताना सापडलेली. तीच जागा काही महिन्यांनी पाहिली तर ओळखू येत नाही. गुलाबी कोलॅजेनचे जाड पट्टे पृष्ठभागाला समांतर आडवे, पेशी मोजक्या, वाहिन्या विरळ.

उभ्याचं आडवं करण्यात मोठा वाटा टीजीएफ-बीटाचा. तो तंतुपेशींकडून कोलॅजेन बनवून घेतो आणि त्यांच्यातल्या काहींना आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टमध्ये बदलतो. त्या जखमेच्या कडा आत ओढतात. गंमत म्हणजे टीजीएफ-बीटा पेशीबाहेर बांधलेल्या, निष्क्रिय रूपातच ठेवलेला असतो. सोडवल्याशिवाय चालत नाही.

तूर्तास एवढंच. शंका विचारा.

उनाडपाऊस

वाचनखूण साठवली. केजीएफचं उदाहरण भारी आहे.

रेघोट्या

छान लिहिलंय. रॉसच्या आधीची एक हकीगत राहिली, ती माझ्याकडून.

रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन ज्यू. फॅसिस्ट कायद्यांमुळे विद्यापीठ बंद झालं तेव्हा त्यांनी तुरीनमध्ये घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांमधल्या गर्भांवर प्रयोग केले. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. उंदराची एक गाठ कोंबडीच्या गर्भावर बसवली की मज्जातंतू तिच्याकडे बेफाम वाढत जातात, हे तिथे त्यांनी अभ्यासलं. गाठीतून काहीतरी पाझरत होतं. ते शोधायला १९५३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन येऊन मिळाले. त्यांनी अर्कातली न्यूक्लिक आम्लं तोडायला सापाचं विष वापरलं, कारण त्यात ते एन्झाइम असतं. परिणाम कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी वाढला. विषातच तो घटक ठासून भरलेला निघाला! साप विष बनवतो ती ग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचंच रूप, म्हणून कोहेननी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. तिथेही सापडला. हाच एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर.

पुढचं आणखी मजेदार. लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचला तर त्यांचे डोळे साधारण दोन आठवड्यांऐवजी आठवड्याभरातच उघडायला लागले, दातही लवकर आले. एनजीएफने असं होण्याचं काही कारण नव्हतं. अर्कात दुसरं काहीतरी होतं, ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, जे त्वचेच्या पेशींना वाढवत होतं. तो ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. १९८६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

चिमणचारा

म्हणजे कुत्री-मांजरं जखम चाटतात त्यात तथ्य आहे की!

सूक्ष्मदर्शी

@रेघोट्या, झकास. हे लेखातच यायला हवं होतं.

@चिमणचारा, उंदरांपुरतं आहे. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा सावकाश भरतात असं दिसलंय. माणसाच्या लाळेत ईजीएफ त्या मानाने अगदीच थोडा. आपल्या तोंडातल्या जखमा लवकर भरतात त्याला लाळेतली हिस्टॅटिन नावाची प्रथिनं, कायमचा ओलावा, भरपूर रक्तपुरवठा अशी बरीच कारणं आहेत.

पट्टीवाली

आणि कृपा करून कुणी पाळीव प्राण्याला जखम चाटू देऊ नका. त्या लाळेत जे जंतू असतात ते बघितलेत तर पुन्हा नाव काढणार नाही. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला त्यातून जिवावर बेतू शकतं.

मी जखमांच्या ड्रेसिंग विभागात परिचारिका आहे, आयडी त्यावरूनच. डॉक्टरसाहेबांनी जे काचपट्टीवर सांगितलं ते आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. चांगली भरत असलेली जखम गडद लाल, ओलसर, बारीक दाणेदार असते. सलाइनचा बोळा जरा जोरात फिरला तर टिपकन रक्त येतं, कारण दाण्यादाण्यात त्या कोवळ्या केशवाहिन्या. दुखत मात्र फारसं नाही. कडेने फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेली बारीक किनार आत सरकत असते, ती नवी त्वचा. पट्टी सोडवताना ती किनार उपटली गेली की माझा जीव हळहळतो, कारण कोरडी गॉज ओढून काढणाऱ्याने केलेलं नुकसान पुढच्या खेपेला मलाच दिसणार असतं.

उनाडपाऊस

माझा बाळबोध प्रश्न. लहानपणापासून ऐकलंय की जखम उघडी ठेवा, वारं लागू दे, खपली धरली की बरी होते. आणि ताई तर ओलसर म्हणताहेत?

पट्टीवाली

बाळबोध अजिबात नाही, शिकलेली माणसंही हेच सांगतात. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर सारख्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. पडद्याखालच्या जखमांवर त्वचा जवळपास दुप्पट वेगाने चढली. उघड्या जखमेत खपलीखाली कोरडा थर तयार होतो. नव्या पेशींना त्याच्या खालून, ओल सापडेल तिथून वाट काढत जावं लागतं. ओलसर जखमेत त्या थेट सरकतात.

साध्या खरचटण्याला वारं लागलं तरी काही बिघडत नाही, दोन दिवस इकडेतिकडे. प्रश्न मोठ्या जखमेचा. आणि ओलसर म्हणजे चिंब नव्हे बरं का. आजूबाजूची त्वचा पांढरी पडून सुरकुतली तर ओल जास्त झाली.

सूक्ष्मदर्शी

+१. ताज्या जखमेतून जो पिवळसर पातळ द्राव येतो ना, त्यात हे सगळे ग्रोथ फॅक्टर असतात. तो वाळवून टाकला की निरोप वाटेतच सुकतो. पण हे ताज्या जखमेपुरतं. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचा द्राव घेऊन काचपात्रातल्या तंतुपेशींवर टाकला तर त्यांची वाढ उलट मंदावते.

अर्धविराम

हे वाचून लिहावंसं वाटलं. बाबांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह, तळव्याला अंगठ्याच्या खाली जखम आहे, कित्येक महिने झाले भरत नाही. मलम झाली, गोळ्या झाल्या. आता कुणीतरी ग्रोथ फॅक्टरचं जेल सुचवलंय. त्याने भरेल का? त्यांना दुखत नाही, त्यामुळे ते चालत-फिरत असतात.

पट्टीवाली

अर्धविराम, तुमचं शेवटचं वाक्य मी पहिलं वाचलं. दुखत नाही हीच तिथली मोठी अडचण आहे. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. तुम्ही-आम्ही लंगडत चाललो असतो, ते पूर्ण वजन टाकून चालतात. प्रत्येक पावलाला नवी फुटलेली केशवाहिनी चेंगरते. कुठलंही जेल लावायच्या आधी त्या जागेवरचा भार काढायला हवा: गुडघ्यापर्यंतचं विशिष्ट प्लास्टर किंवा बूट मिळतो, तो वापरायला सांगतात. दुसरं, पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना, डॉपलर (वाहिन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी)? मधुमेहात वाहिन्या कडक झाल्याने घोट्याचा आकडा फसवा निघू शकतो, म्हणून पायाच्या बोटाचा दाबही बघतात. तिसरं, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का? पायाच्या जखमा बघणाऱ्या डॉक्टरांकडे लवकर न्या. लाली वर चढायला लागली, वास आला, ताप आला किंवा बोट काळं पडलं तर त्याच दिवशी.

सूक्ष्मदर्शी

ताईंनी क्रम बरोबर लावलाय. मी जेलपुरतं लिहितो.

ते बेकाप्लर्मिन, म्हणजे प्रयोगशाळेत यीस्टकडून बनवून घेतलेला पीडीजीएफ, ०.०१ टक्का. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली, मधुमेहाने बधिर झालेल्या पण रक्तपुरवठा ठीक असलेल्या पायाच्या जखमांसाठी. मुख्य चाचणीत २० आठवड्यांनी जेलवाल्यांपैकी ५० टक्के लोकांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषध नसलेलं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के.

शंकासुर

५० आणि ३५? एवढंच? तुम्ही वर नोबेल-बिबेल सांगितलंत, जोडरेणू सांगितलेत. इतकं सगळं कळलंय तर निम्म्या लोकांना तरी फरक पडायला हवा होता. इथे सात जणांना लावा तेव्हा एकाचं जास्तीचं भलं. मला तर वाटतं ग्रोथ फॅक्टर हा प्रयोगशाळेत चमकणारा आणि रुग्णाच्या पायावर विझणारा प्रकार आहे.

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, हिशोब चोख आहे. निष्कर्षाशी अर्धा सहमत.

रेंगाळलेल्या जखमेत काय चाललेलं असतं बघा. सूज कधी ओसरतच नाही. न्यूट्रोफिल, जे दोन दिवसांत निघून जायला हवे होते, ते मुक्काम ठोकतात आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं ओतत राहतात. ही एन्झाइमं कोलॅजेन तोडतात, ग्रोथ फॅक्टर तोडतात, रिसेप्टरही तोडतात. वरून जंतूंचा चिकट थर, बायोफिल्म, ही सूज तेवत ठेवतो. जखमेच्या कडेच्या तंतुपेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात, विभागायचं नावच घेत नाहीत. साखर वाढलेली असेल तर मॅक्रोफेज झाडलोटीतून बांधणीकडे वळत नाहीत. अशा जागी तुम्ही वरून पीडीजीएफ लावला तर त्यातला बराच निरोप फाडला जातो, आणि उरलेला वाचायला कुणी जागं नसतं.

आता तुमच्या मुद्द्याला धरूनच एक गोष्ट. याच औषधाच्या आधीच्या चाचणीत वेगवेगळ्या केंद्रांची तुलना केली गेली. ज्या केंद्रांत जखम वारंवार खरवडून साफ केली जात होती, म्हणजे डिब्राईडमेंट, तिथे जखमा जास्त भरल्या. औषध मिळालेल्यांच्याही आणि न मिळालेल्यांच्याही. खरवडल्याने मेलेला थर, बायोफिल्म, म्हाताऱ्या पेशी निघतात आणि ताजं रक्त येतं, म्हणजे नव्या प्लेटलेट येतात. रुग्णाचे स्वतःचेच ग्रोथ फॅक्टर, आणि तेही ज्या मिश्रणात हवेत त्या मिश्रणात. म्हणून माझ्या लेखी जेल हा पाचवा-सहावा उपाय आहे. पहिले चार (भार काढणं, रक्तपुरवठा, संसर्ग, खरवडणं) नीट झाले असतील तर त्याचा उपयोग होतो.

शंकासुर

हे पटलं. मग एकाच फॅक्टरच्या मागे का लागले लोक? खरी जखम तर एकाच वेळी दहा निरोप वाचत असते.

सूक्ष्मदर्शी

एकच प्रथिन शुद्ध करता येतं, मोजता येतं, त्याची मंजुरी मागता येते म्हणून. जपानमध्ये २००१ पासून एफजीएफ-२ चा फवारा वापरात आहे, क्यूबात ईजीएफ जखमेच्या कडेत आणि तळात टोचतात, मलमासारखा लावत नाहीत. टोचण्यामागचं कारण वर आलंच: पृष्ठभागावरची एन्झाइमं चुकवायची.

रेघोट्या

पीआरपी मग याच कारणाने आलं ना? सगळे निरोप एकदम.

सूक्ष्मदर्शी

हो, कल्पना तीच. रुग्णाचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट नेहमीच्या तिप्पट ते पाचपट करायच्या, कॅल्शियम किंवा थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) घालून जाग्या करायच्या आणि लावायच्या. पंचाईत अशी की प्रत्येकाचं रक्त वेगळं, फिरवायचा वेग वेगळा, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या तेही वेगळं. दोन ठिकाणचं पीआरपी एकच औषध नसतं. त्यामुळे चाचण्यांची बेरीज करणं अवघड होतं. मधुमेही पायाच्या जखमांमध्ये बरे निकाल आहेत, सांधे-केस-चेहरा वगैरेबद्दल मी इथे बोलत नाही.

चिमणचारा

चेहऱ्यावरून आठवलं. "ग्रोथ फॅक्टर सीरम" म्हणून बाटल्या मिळतात त्यांचं काय? मी घेतलीय म्हणून विचारते, हसू नका.

पट्टीवाली

हसत नाही, पण बाटली संपली की दुसरी घेऊ नका एवढं म्हणेन. :)

सूक्ष्मदर्शी

अखंड त्वचेतून ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहसा आत जात नाहीत. ईजीएफ या मंडळींमध्ये छोटा, तरी तो ६००० च्या वर आहे. त्वचा फाटलेली असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ती जखम झाली.

अर्धविराम

पट्टीवाली ताई, सूक्ष्मदर्शी, मनापासून आभार. बाबांची वेळ घेतली आहे. डॉपलर झालेलंच नव्हतं. एक भीती: त्या जेलबद्दल शोधलं तर कर्करोगाचा इशारा दिसला. ते काय आहे?

सूक्ष्मदर्शी

वेळ घेतलीत हे उत्तम केलंत.

२००८ मध्ये अमेरिकेत त्या जेलवर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापला गेला. तीन किंवा जास्त ट्यूब वापरलेल्यांमध्ये कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसल्याची एक पाहणी होती. नंतरच्या माहितीत तो धोका तसा ठामपणे दिसला नाही आणि २०१८ च्या शेवटी चौकट काढली गेली. जखमेच्या जागी गाठ असेल तर मात्र ते लावायचं नाही हे कायम आहे. बाबांना आधी कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

भीती हवेतून आलेली नव्हती हेही सांगायला हवं. १९८३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की माकडात गाठी करणाऱ्या एका विषाणूचं कर्कजनुक म्हणजे जवळपास पीडीजीएफचीच एक साखळी आहे. विषाणू पेशीला तिचा स्वतःचाच निरोप अखंड द्यायला लावतो. आणि १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोराक यांनी गाठींना "न भरणाऱ्या जखमा" म्हटलं. तेच व्हीईजीएफ, त्याच झिरपत्या वाहिन्या, तसाच तंतूंचा सांगाडा. काचपट्टीवर मला हे रोज दिसतं. गाठीच्या भोवतालचा भाग नुसता दाखवला तर कधीकधी बरी होत असलेली जखम वाटावी. फरक एवढाच, की जखमेत वाहिन्या परत जातात, इथे जात नाहीत.

गोधडी

अच्छा! मग याच्या उलट बाजूचा अनुभव. आमच्या नात्यातल्या एकांना आतड्याच्या कर्करोगासाठी बेव्हासिझुमॅब चालू होतं. शस्त्रक्रिया ठरली तर डॉक्टर म्हणाले आधी हे थांबवून काही आठवडे जाऊ द्या. घरचे सगळे वैतागले होते, उशीर का करता म्हणून. आत्ता कळलं.

सूक्ष्मदर्शी

अगदी तेच. बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला धरून ठेवतं. गाठीला रक्त मिळू नये हा हेतू, पण टाक्यांच्या जागेलाही तोच व्हीईजीएफ लागतो. म्हणून आधी आणि नंतरही किमान २८ दिवसांचं अंतर ठेवतात, शिवाय जखम पूर्ण भरलेली असावी लागते.

उनाडपाऊस

व्रण राहूच नये असं काही निघालंय का?

सूक्ष्मदर्शी

आईच्या पोटात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाच्या त्वचेला झालेली जखम व्रण न ठेवता भरते. तिथे सूज नाममात्र असते आणि टीजीएफ-बीटाच्या तीन प्रकारांपैकी तिसऱ्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. त्यावरून टीजीएफ-बीटा-३ चं इंजेक्शन तयार झालं, अ‍ॅव्होटर्मिन. सुरुवातीच्या चाचण्यांत व्रण खरंच सुधारले. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात आपटलं. शंकासुर खूश होतील.

शंकासुर

खूश नाही हो, पण नोंद घेतली.

गोधडी

माझ्या शस्त्रक्रियेचा व्रण कित्येक महिने लालच होता आणि ओढल्यासारखा वाटायचा. टाके काढल्यावर सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

पट्टीवाली

टाके काढतात तेव्हा त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, आठवडा झालेला असतो फक्त. तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के, तीन महिन्यांनी ८० च्या आसपास आणि तिथेच थांबते. म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन उचलू नका म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो. लाली म्हणजे वाहिन्या अजून परतलेल्या नाहीत. वर्षभरसुद्धा लागतं.

आणि हो, सिगारेट. व्रण, टाके, पायाची जखम, काहीही असो. निकोटिनने वाहिन्या आवळतात, कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो. रक्तच पोहोचलं नाही तर डॉक्टरसाहेबांचे निरोप घ्यायला तिथे येणार कोण?

रेघोट्या

क जीवनसत्त्वाचं राहिलं. त्याच्याशिवाय कोलॅजेनचे तिपेडी तंतू पक्के होत नाहीत. जुन्या काळी स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, कारण व्रणातलं कोलॅजेन सतत मोडून नव्याने बनत असतं.

अर्धविराम

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. बाबांच्या जखमेत मधोमध लाल मांस त्वचेच्याही वर आलंय. घरचे म्हणतात छान भरतंय. मला शंका आहे.

पट्टीवाली

शंका रास्त आहे. मांस त्वचेच्या पातळीवर आलं की थांबायला हवं. वर आलं तर कडेची त्वचा त्यावर चढू शकत नाही, तिथेच अडते. सतत घासणं, जास्त ओल किंवा आतला संसर्ग यामुळे होतं. दाब देणारं ड्रेसिंग, थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम किंवा सिल्व्हर नायट्रेट असे उपाय असतात, पण घरी करायचे नाहीत. भेटीच्या वेळी हे नक्की दाखवा.

सूक्ष्मदर्शी

आणि जखम इतकी जुनी आहे म्हणून त्यांना हेही विचारा की एक तुकडा तपासायला पाठवायचा का. बहुतेक वेळा साधं वाढलेलं मांसच निघतं. क्वचित जुन्या जखमेच्या कडेला कर्करोग सुरू झालेला असतो आणि वरून दोन्ही सारखेच लाल दिसतात. तुकडा काढताना तो मधला आणि कडेचा, दोन्हीकडचा घेतात.